तपासणी-पत्रकातला न छापलेला रकाना

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की आपण डॉक्टर मंडळी बहुधा आपापल्या विषयातले काहीतरी लिहून देतो. मीही आजवर मधुमेहावर लिहिले, रक्तदाबावर लिहिले, एका पावसाळ्यात डेंग्यूवरही लिहिले. यंदा मात्र ज्या विषयात माझ्याजवळ कोणतीही पदवी नाही, अशा विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्याला निमित्त माझ्याच हातून झालेली एक चूक आहे, आणि ती चूक माझ्या एकट्याची नसावी असा मला दाट संशय आहे.

साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. टेबल टेनिस खेळणारी पंधरा वर्षांची एक मुलगी पोटदुखी आणि उलट्यांची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात आली. सोबत आई, वडील आणि आजी. घर सुशिक्षित, खेळाचे कौतुक करणारे. मुलीचे नाव राज्यपातळीवर होऊ लागले होते. मी रीतीप्रमाणे सर्व तपासण्या केल्या. रक्त, लघवी, शौच, सोनोग्राफी. कशातच काही सापडले नाही. जंतांचे औषध दिले, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, बाहेरचे खाणे बंद करविले. दोन महिन्यांनी तक्रार पुन्हा तीच. मग पोटविकारतज्ज्ञ मित्राकडे पाठविले. त्यांनी दुर्बिणीतून जठर पाहिले, तेही निर्दोष निघाले. अशा रीतीने आठ महिने गेले. त्या काळातल्या एका भेटीत आजीबाई मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हिचं पोट कॅलेंडर बघून दुखतं."

मी हसलो. मुलीचे वडीलही हसले. मुलगी हसली नाही. आजीबाईंनी निदान करून माझ्या टेबलावर ठेवले होते आणि मी ते विनोद समजून बाजूला सारले. पुढे एका राज्यस्पर्धेत सामन्यापूर्वी ती स्वच्छतागृहातून बाहेरच आली नाही. सोळावे लागायच्या आत तिने रॅकेट कपाटात ठेवली. माझ्या कागदपत्रांत तिचे निदान शेवटपर्यंत 'आम्लपित्त' असेच राहिले.

ही आठवण पुन्हा टोचू लागली ती १ ऑगस्ट २०२४ रोजी. त्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे मधे ७२ वर्षे गेली. आपल्याकडे इंदुरातही त्या दिवशी पेढे वाटले गेले. पण माझे लक्ष वेधून घेतले ते पदकानंतर त्याने पत्रकारांना सांगितलेल्या साध्या गोष्टींनी. सकाळपासून त्याने काही खाल्ले नव्हते, पोटात ढवळत होते, केवळ काळा चहा घेऊन तो अंतिम फेरीला आला होता आणि हृदय जोराने धडधडत होते.

लक्षणे तीच. माझ्या त्या रुग्णाची आणि ऑलिंपिकच्या पदकविजेत्याची लक्षणे सारखीच होती! एकाने त्या धडधडत्या हृदयानिशी श्वास सांभाळत नेम धरला; दुसरी दार लावून बसली. फरक पोटात नव्हता. स्वतःच्या शरीरात काय चालले आहे याचा जो अर्थ मनाने लावला, त्यात होता. आणि तो अर्थ कसा लावावा हे तिला कोणीही शिकविले नव्हते. शिक्षकाने नाही, आई-वडिलांनी नाही, आणि आठ महिने तिची नाडी हातात धरणाऱ्या मी तर नाहीच नाही.

या विषयावर बोलताना आपल्या समाजात एक अडचण येते. मनाविषयी बोलायला आपल्याला संकोच वाटतो असे नाही. उलट आपण फार बोलतो. ज्या घरांत संध्याकाळी दिवेलागणीला 'मनाचे श्लोक' म्हटले गेले, त्या घरांतली आपण माणसे. पण त्या संस्कारातून आपण एक सोयीस्कर समजूत काढून घेतली आहे, की मनोबल हा स्वभावाचा गुण असतो. तो ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी आहे आणि नसेल तर त्याला उपदेश करावा. "घाबरू नकोस", "मन घट्ट कर", "लक्ष देऊन खेळ". शरीराच्या बाबतीत आपण असे करीत नाही. ज्याचे हिमोग्लोबिन आठ आहे त्याला "रक्त वाढव" असे सांगून आपण घरी पाठवीत नाही.

थोडे शास्त्राकडे वळतो. वैद्यकीय वाचकांना यातले काही ठाऊक असेल, तरी एकत्र मांडलेले उपयोगी पडेल.

स्पर्धेपूर्वी अनुकंपी चेतासंस्था जागी होते, ॲड्रेनॅलिन वाढते, पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होतो, तळहात घामेजतात. हे सारे शरीराची तयारी म्हणून होते. १९०८ साली यर्कस् आणि डॉडसन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की चेतना वाढविली की शिकणे एका मर्यादेपर्यंत सुधारते आणि त्यापुढे ढासळू लागते. काम जितके नाजूक, तितकी ही मर्यादा लवकर येते. वजन उचलणाऱ्याला जी धडधड पोषक ठरते, तीच नेमबाजाला घातक ठरू शकते. म्हणून सर्वांना एकच मंत्र देणे व्यर्थ आहे. मागाहून झालेल्या संशोधनातून आणखी एक उपयुक्त गोष्ट पुढे आली. २०१४ साली ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी गाणे, भाषण व गणित या कामांपूर्वी लोकांना आपल्या धडधडीला 'भीती' न म्हणता 'उत्सुकता' म्हणायला लावले. त्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. कारण सरळ आहे. पेटलेले शरीर क्षणात विझविता येत नाही. पण त्याला दिलेले नाव बदलता येते. माझ्या रुग्णाला मी आम्लपित्ताची गोळी दिली, म्हणजे तिच्या धडधडीला मी 'आजार' हे नाव दिले. तिच्या दृष्टीने डॉक्टरनेच शिक्कामोर्तब केले!

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे भाग आहे. महूच्या लष्करी केंद्रात तयार झालेल्या विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनला रौप्यपदक मिळविले, तेव्हापासून आपल्या भागातही नेमबाजीकडे वळणारी मुले पुष्कळ झाली. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाचे वडील माझ्याकडे आले आणि "हात थरथरू नये म्हणून ती एक गोळी असते ना" असे म्हणाले. त्यांना प्रोप्रॅनोलॉल हवे होते. कोणा ओळखीच्या डॉक्टरने पूर्वी लिहून दिल्याचे त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितले. ज्यांना हे किरकोळ वाटते त्यांनी लक्षात ठेवावे की उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग सू याने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिळविलेली दोन्ही पदके, एक रौप्य व एक कांस्य, याच औषधापायी काढून घेण्यात आली. नेमबाजी व धनुर्विद्येत बीटा-ब्लॉकर गटाची औषधे स्पर्धेच्या काळात आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. शिवाय दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला ते देणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावयास नको. त्या गृहस्थांना मी नकार दिला. पण नुसता नकार देऊन मी थांबलो, मुलाशी बोललो नाही, हे आज कबूल करतो.

आता आकलनाचा, म्हणजे मेंदूने पाहणे, ओळखणे आणि निर्णय घेणे याचा भाग. माझ्या मते हा सर्वांत रंजक भाग आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. डोळ्याने पाहून हालचालीत बदल करायला सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो. १९८७ साली पीटर मॅक्लाउड यांनी खेळपट्टीच्या चटईखाली लाकडी पट्ट्या दडवून चेंडू अचानक वळेल अशी योजना केली आणि अव्वल दर्जाच्या फलंदाजांना खेळावयास लावले. टप्पा पडल्यानंतर बॅटची दिशा बदलायला त्यांनाही सुमारे तेवढाच वेळ लागला. म्हणजे महान फलंदाजाची 'प्रतिक्रिया' तुमच्या-आमच्याहून वेगवान नसते. मग तो खेळतो कसा? २००० साली मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या नजरेचा मागोवा घेतला. असे दिसले की फलंदाज चेंडू सबंध वेळ पाहतच नाही. तो चेंडू सुटताना पाहतो आणि मग नजर उचलून जेथे टप्पा पडेल तेथे अगोदरच नेऊन ठेवतो. जितका फलंदाज चांगला, तितकी ही नजरेची उडी लवकर. "चेंडूवरची नजर काढू नकोस" हा नेहरू स्टेडियमच्या जाळ्यांत रोज सकाळी ऐकू येणारा उपदेश थोरांनी पाळलेला नसतो, हे समजल्यावर मला फार मौज वाटली.

बुद्धिबळात हेच दुसऱ्या रीतीने दिसते. चेस व सायमन यांनी १९७३ साली दाखविले की खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी उभी करतो. पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या तर त्याची स्मृती नवशिक्याहून फारशी वेगळी उरत नाही. त्याची स्मरणशक्ती अचाट नसते. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याला मांडण्यांचे अर्थ ओळखू येऊ लागलेले असतात. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीला जलद डावांत हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि एकही ग्रँडमास्टर निकष हाती नसताना ती थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हा अनेकांनी 'उपजत बुद्धी' म्हटले. तिचे आई-वडील दोघेही डॉक्टर असल्याने आपल्या मंडळींना तर ते विशेषच पटले! उपजत काही असेलही. पण घड्याळ संपत आले असताना पटावरची मांडणी 'दिसणे' ही हजारो तासांची कमाई असते, आणि ती कमाई भीतीच्या क्षणी हाताशी राहणे ही आणखी निराळी कमाई असते.

आता मुख्य मुद्दा. ही सारी कौशल्ये जाणिवेच्या पायरीखाली उतरून स्वयंचलित झालेली असतात. दडपणाखाली खेळाडू काय करतो? तो स्वतःच्या हालचालीकडे लक्ष देऊ लागतो. सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फुटबॉलपटूंना चेंडू नेताना पायाचा कोणता भाग चेंडूला लागतो याकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा कसलेल्या खेळाडूंची गती मंदावली. जिना उतरताना प्रत्येक पायरीला "आता उजवा, आता डावा" म्हणून पाहावे. पाय अडखळलाच समजा. म्हणून सामना अटीतटीला आला असता कठड्यावरून "मनगट बघ! मनगट बघ!" असे ओरडणारे वडील आपल्या मुलाचे नेमके तेच बिघडवीत असतात जे त्यांनी दहा वर्षे खर्च करून घडविलेले असते. दिलासा एवढाच, की याला उपाय आहे. बायलॉक व कार यांनी २००१ साली दाखविले की सरावाच्या वेळीच कॅमेरा लावून, कोणी पाहत आहे या जाणिवेत ज्यांनी गोल्फचा सराव केला, त्यांचा खेळ पुढे दडपणाखाली ढासळला नाही. थोडक्यात, दडपण ही टोचून घेण्याची लस आहे. पण ती मात्रा-मात्रेने, आणि सरावात. अंतिम सामन्याच्या दिवशी पहिली मात्रा देऊ नये.

इंदूरकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, शेवटचा १९५२-५३ च्या हंगामात. त्यानंतर आपण वाट पाहत राहिलो. १९९८-९९ च्या मोसमात चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाचा संघ बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपला होता. शेवटच्या डावात २४७ धावांचे लक्ष्य असताना संघ १५० धावांत बाद झाला; ९६ धावांनी पराभव. छावणीपासून राजवाड्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते, की पोरांनी हाय खाल्ली.

मला हे निदान तेव्हाही आळशीपणाचे वाटले आणि आजही वाटते. विजय भारद्वाज यांनी त्या डावात सहा गडी बाद केले, ते काही आपल्या मुलांच्या मनात शिरून नव्हे. प्रत्येक पराभवाला 'मानसिक दौर्बल्य' म्हणणे हे प्रत्येक तापाला 'व्हायरल' म्हणण्यासारखे आहे. क्रीडामानसशास्त्राचे उत्साही प्रचारक ही चूक वारंवार करतात. तरीही त्या सामन्यात न हरण्यासाठी खेळणे आणि जिंकण्यासाठी खेळणे यांतली ओढाताण झाली असणार, हे क्रिकेट खेळलेला कोणीही मान्य करील. २३ वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर तेच पंडित प्रशिक्षक म्हणून उभे होते आणि समोर त्यांचे स्वतःचे मुंबई होते. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने ५३६ धावांनी उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा आणि आपल्या इंदूरचा रजत पाटीदार यांनी शतके केली. अखेरच्या डावात १०८ धावांचे लक्ष्य सहा गडी राखून गाठले. विजयानंतर पंडितांना रडू आवरले नाही. शिस्तीचे अत्यंत कडक म्हणून ज्यांची ख्याती, त्या माणसाने इतकी वर्षे ती सल जपली होती. त्या २३ वर्षांत त्यांना त्याविषयी कोणी डॉक्टरने विचारले असेल का, असा प्रश्न तेव्हा माझ्या मनात येऊन गेला.

लहान मुलांच्या बाबतीत तर आपला व्यवसाय केवळ उदासीन नाही, सहभागी आहे. हे लिहिताना काही सन्मित्र रागावतील याची कल्पना आहे. वयाचे प्रमाणपत्र एखाद-दोन वर्षांनी खाली आणण्याची विनंती ज्यांना कधीच झाली नाही असे बालरोगतज्ज्ञ आपल्यात किती असतील? आता क्रिकेट नियामक मंडळ मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढते, म्हणून तर पालकांची ये-जा आमच्या अस्थिरोग व रेडिओलॉजीच्या मित्रांकडे वाढली. इंदूरला जन्मलेले राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात वयचोरीची तुलना सामनानिश्चितीसारख्या भ्रष्टाचाराशी केली होती. त्यांचे म्हणणे नैतिक होते. मी त्यात वैद्यकीय बाजू जोडतो. दोन वर्षे खोटे वय सांगून खेळणारा मुलगा कोवळ्या मुलांना अंगबळावर हरवितो, म्हणून त्याला डोके चालवावे लागत नाही. चेंडूचा अंदाज, डावपेच, हरल्यावर सावरणे, यांतले काहीच तो शिकत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी इतर मुले उंचीने व ताकदीने त्याच्या बरोबरीला येतात आणि हा अचानक उघडा पडतो. तोवर बापाने लाखभर रुपये घातलेले असतात. अशी मुले मी उदासीनतेच्या औषधांवर आलेली पाहिली आहेत.

झोपेविषयी एवढेच सांगतो. किशोरवयात ८ ते १० तास झोप हवी. आपल्या शहरातला खेळाडू विद्यार्थी रात्री शिकवणीवरून दहाला घरी येतो आणि पहाटे पाचला मैदानावर असतो. लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयातून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. निर्णयक्षमता आणि मनःस्थिती यांवर होणारा परिणाम तर प्रत्येकाने निवासी डॉक्टर असताना स्वतःवर अनुभवला आहे! पॅरिसला गेलेल्या भारतीय पथकात निद्रातज्ज्ञही होत्या. आमच्याकडे सहावीतल्या मुलाची झोप कोणी विचारीत नाही.

आणि एकाच खेळाला लवकर जुंपण्याविषयी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या अहवालात बहुतेक खेळांत एकाच प्रकाराची निवड पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावी आणि वर्षातून एकूण तीन महिने तरी त्या खेळापासून विश्रांती द्यावी असे सांगितले आहे. जिम्नॅस्टिक्ससारखे अपवाद आहेत, हे मान्य. पण आपल्याकडे आठव्या वर्षी मूल 'सिरियस' झाले पाहिजे असा आग्रह असतो. द्रविड स्वतः शालेय वयात हॉकीही खेळत, हे सांगितले की पालक म्हणतात, "तो काळ निराळा होता." असेल. पुढे युवा संघांचे प्रशिक्षक झाल्यावरही, दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येकाला खेळण्याची संधी मिळावी असा त्यांचा कटाक्ष राहिला, आणि १९ वर्षांखालील विश्वचषक एका खेळाडूने एकदाच खेळावा हे धोरणही त्याच काळात आले. त्यामागे घाई नसलेल्या माणसाचा विचार दिसतो. तो आपल्या शिबिरांत मला क्वचित दिसतो.

विजयानंतरच्या आजाराकडे तर कोणाचेच लक्ष नसते. अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगला अखेरच्या नेमापूर्वी प्रतिस्पर्ध्याशी बरोबरी असताना १०.८ गुणांचा नेम साधला आणि वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारा पहिला भारतीय ठरला. आयुष्यातले मोठे मानसिक संकट आपल्यावर पराभवानंतर नव्हे, या यशानंतर कोसळले, असे त्याने नंतर उघडपणे सांगितले आहे. सिमोन बाइल्सने टोकियोत २०२१ साली हवेतल्या गिरकीत शरीराचे भान सुटत असल्याने माघार घेतली, तेव्हा जगाने तिला भित्री म्हटले. जिम्नॅस्टच्या बाबतीत असे भान सुटणे म्हणजे मानेवर पडणे. तिने स्वतःचे निदान वेळेत केले, आणि २०२४ साली पॅरिसला तीन सुवर्णपदके मिळविली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले. त्याचा गाभा एवढाच की मानसिक आणि शारीरिक आरोग्य वेगळे काढता येत नाही. आपल्यापैकी किती जणांनी ते वाचले? मीही २०२४ च्या ऑगस्टनंतरच वाचले.

म्हणून एक प्रस्ताव मांडतो. आपली संस्था दरवर्षी उन्हाळी क्रीडा शिबिरातील मुलांची विनामूल्य आरोग्य-तपासणी करते. त्या पत्रकात उंची, वजन, हिमोग्लोबिन, दृष्टी, दात आणि लसीकरण हे रकाने आहेत. त्यात एक रकाना वाढवावा. काही मोठी प्रश्नावली नको. तपासणाऱ्या डॉक्टरने मुलाशी, आई-वडिलांना आणि प्रशिक्षकाला खोलीबाहेर बसवून, पाच मिनिटे बोलावे. झोप किती होते? सामन्याच्या आदल्या दिवशी शरीरात काय होते? हरल्यावर घरी परतताना गाडीत काय बोलणे होते? खेळायला अजून मजा येते का? तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. परतीच्या गाडीतली वीस मिनिटे मुलांना सामन्यापेक्षा जड जातात, असे मला एकाहून अधिक मुलांनी सांगितले आहे.

यात दोन पथ्ये पाळावी लागतील. मूल जे बोलेल ते जिवाला धोका असल्याखेरीज पालकांना किंवा प्रशिक्षकाला कळविले जाणार नाही. हे पत्रकावर छापलेले असावे, अन्यथा कोणी बोलणार नाही. आणि दुसरे, ज्याला आपल्याला उत्तर देता येत नाही त्याला पुढे पाठविण्याची सोय हवी. आपल्या सदस्यांत मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यांना महिन्यातून एक सकाळ मागता येईल. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी २०२२ पासून उपलब्ध आहे, तोही पत्रकाच्या पाठीमागे द्यावा. मात्र शिबिराच्या समारोपाला जे 'प्रेरणादायी वक्ते' बोलाविले जातात, त्यांच्यावरचा खर्च यासाठी वळवावा असे माझे स्पष्ट मत आहे. टाळ्या वाजवून घेणाऱ्या त्या तासाभराने एकाही मुलाची पोटदुखी थांबलेली मी पाहिली नाही.

काहींचा आक्षेप येईल की अशाने मुले नाजूक होतील. आपल्या वेळी कोणी विचारले होते? खरे आहे, कोणी विचारले नव्हते. पण आपल्या वेळी जे खेळ सोडून गेले त्यांची नावे आज कोणाला आठवतात? आपल्यासमोर उरलेले असतात ते टिकलेले, आणि त्यांच्याकडे पाहून आपण पद्धत योग्य होती असा निष्कर्ष काढतो. औषधाच्या चाचणीत मधेच सोडून गेलेले रुग्ण वगळून कोणी असा निष्कर्ष काढला, तर आपण त्याला सभेत उभे राहू देणार नाही.

ती मुलगी गेल्या वर्षी परदेशी जाण्यापूर्वी लसीकरणाच्या कागदांसाठी आली होती. पुण्याला अभियांत्रिकी करून नोकरीत स्थिरावली आहे. आजीबाई आता नाहीत. सही करताना मी तिला त्या वेळच्या पोटदुखीविषयी विचारले आणि माझ्या लक्षात आले नाही याबद्दल वाईट वाटते, असेही म्हणालो. ती म्हणाली, "काका, अजूनही दुखतं. मुलाखतीच्या आधी, विमानात बसायच्या आधी. पण आता ते काय आहे हे मला माहीत आहे." खेळतेस का, असे विचारल्यावर म्हणाली की कार्यालयात टेबल आहे, जेवणाच्या सुट्टीत खेळते, आणि हरते सुद्धा.

पुढील शिबिराचे पत्रक मार्चमध्ये छपाईला जाईल. नव्या रकान्याचा कच्चा मसुदा मी कार्यकारिणीकडे दिला आहे. प्रश्नांचे शब्द मुलांना समजतील असे, आणि मराठीबरोबर हिंदीतही असावेत. त्यासाठी बालरोग व मनोविकार या विषयांतील सदस्यांनी आपल्या सूचना फेब्रुवारीअखेर कळवाव्यात ही विनंती.